दुपारचा फॉल्ट

शांताराम हडकर खांबावर चढण्याआधी खांबाला कान लावत असे. डाव्या हाताने खांब कवटाळायचा, उजवा कान लोखंडाला टेकवायचा, डोळे मिटायचे आणि दहा-बारा श्वास तसंच उभं राहायचं. रस्त्याने जाणारे म्हणत, शांतू खांबाची गजाल ऐकता. त्याची बायको सुलोचना म्हणे, "खांब काय बोलता ता ह्येंका समाजता. मी चुलीकडसून सात हाका मारलंय तरी कान बंद."

तो मालवणला टेलिफोन खात्यात लाइनमन होता. मी तिथे मुंबईच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. ऐंशीच्या दशकातली ही पहिली वर्षं. बातमी मुंबईला पाठवण्याचे मार्ग दोन: एसटीने पाकीट किंवा ट्रंक कॉल. पाकीट पोचेपर्यंत बातमी शिळी व्हायची. त्यामुळे माझी नोकरी बऱ्याच अंशी शांतूच्या कानावर अवलंबून होती.

त्या कानाला आवाजांची भाषा येत होती. फुसफुस ऐकू आली तर माडाचं झावळ तारेला घासतंय. घुमल्यासारखा आवाज आला तर खांबावर तार जिच्यावर बसते ती चिनी मातीची चिमणी तडकली आहे. खरखर असेल तर सांध्यावर कळंक चढला आहे. तांब्याच्या भांड्यात ताक कळकतं, तशी किनाऱ्यावरची खारी हवा तारेचा सांधा कळकवते. वर हिरवा थर येतो आणि माणसाचा आवाज त्यातून गाळल्यासारखा निघतो. शांतू एक्स्चेंजमध्ये फोन कानाला लावून सांगे, "आचऱ्याच्या वाटेर, वडाच्या पुढचो दुसरो खांब." पहिल्या वर्षी मी हे सायकलने जाऊन पडताळून पाहत असे. नंतर सोडून दिलं.

त्याची खास आवड म्हणजे दुपारचा फॉल्ट. एका एप्रिलमध्ये माझा कॉल रोज बारा ते तीन या वेळात तुटायचा. तक्रार लिहून माणूस निघेपर्यंत चार वाजायचे, तोवर लाइन ठणठणीत. दोन लाइनमन जाऊन आले, काही सापडलं नाही, आणि मीच फोन नीट धरत नाही असा निष्कर्ष निघाला. शांतू ऐन बारा वाजता निघाला आणि छत्री न घेता खांबांखालून चालत राहिला. उन्हाने तारा लांबून झोल पडायचा, दोन तारा एकमेकींना चिकटायच्या. ऊन उतरलं की त्या आखडून पुन्हा वेगळ्या व्हायच्या.

"दुपारचो फॉल्ट दुपारीच धरूक व्हयो," तो मला म्हणाला. "सांजेक जावन बघलास तर तो तुमका सभ्य मानसासारखो दिसतलो."

त्याच दुपारी तो खांबावरून उतरला आणि चार पावलांवर त्याचा उजवा पाय घसटला. मग दोन्ही पाय वाकडे पडू लागले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बाकावरच्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शांतूक आज दुपारचीच चढली." शांतू आयुष्यात दारूला शिवला नव्हता. संध्याकाळपर्यंत ही बातमी माझ्या कुठल्याही बातमीपेक्षा लवकर सगळीकडे पोचली. त्याने ती मनाला लावून घेतली नाही. "नाव फुकट झाला," तो म्हणाला. "आता पितंय म्हटलंय तरी कोणाक नवल वाटाचा नाय."

पुढचं लक्षण त्याने स्वतःच शोधलं, तेही लाइनमनच्या रीतीने. खाली वाकून जोडणी तपासताना त्याच्या मानेतून थेट कमरेपर्यंत करंट गेला. घंटी वाजवण्यासाठी लाइनीत सोडतात तो करंट चांगला झटका देतो. शांतू तरातरा एक्स्चेंजमध्ये आला आणि बोर्डावर बसणाऱ्या बाबी ऑपरेटरवर उखडला.

"मेल्या, मी लायनीर आसताना रिंग सोडतंस? मारतलंस काय माका?"

"कोणाची रिंग आणि कोणाची लाइन! मी च्या पितंय."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं, पुन्हा बाबीचा उद्धार झाला. तिसऱ्यांदा करंट बसला तेव्हा शांतू घरात जेवत होता. भातातला काटा काढायला त्याने मान खाली घातली होती. त्याने हात थांबवला, मान वर केली, पुन्हा खाली घातली. पुन्हा करंट. त्याच्या घरी टेलिफोन नव्हता. जेवण अर्धवट टाकून तो बाबीकडे गेला आणि म्हणाला, "बाबी, माफ कर. फॉल्ट माझ्या आत आसा."

मग उजव्या डोळ्यापुढे धुकं येऊ लागलं, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी मुंबईला चिठ्ठी दिली. तिकडचा नंबर लागायला तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात शांतूचे पाय, डोळा, करंट सगळं बरं झालं. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने त्याला चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि रजेसाठी ढोंग करतोस का, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. वयस्कर मोठे डॉक्टर मागे उभे होते. त्यांनी विचारलं, कधी होतं हे? शांतूने सांगितलं, उन्हात. डॉक्टरांनी टबात ऊन पाणी भरायला लावलं आणि त्याला गळ्यापर्यंत बसवलं. काही मिनिटांत उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. उठायला सांगितलं तर पाय उठेनात. अंग थंड झालं तेव्हा तो आपल्या पायांनी चालत खाटेवर गेला. अशी परीक्षा त्या काळी करत असत.

आजाराचं नाव त्याला सांगितलं गेलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. गावी आल्यावर तो नावापेक्षा परीक्षेबद्दलच जास्त बोलत होता. "मानूस हुशार," तो म्हणाला. "दुपारचो फॉल्ट तेणी दुपारीच धरल्यान."

डॉक्टरांनी त्याला समजावलं ते असं: मेंदूतल्या आणि कण्यातल्या नसांवर एक वेष्टण असतं. शरीराचे स्वतःचेच रक्षक चुकून त्या वेष्टणावर उठतात आणि ते जागोजागी खातात. मग निरोप अडखळतो. उष्णता वाढली की आणखी अडखळतो. वेष्टण थोडंफार भरून येतं, म्हणून माणूस मधे मधे बरा होतो. औषध म्हणण्यासारखं काही नाही. शांतूने विचारलं, वेष्टण गेलं तर आतल्या तारेचं काय? डॉक्टर म्हणाले, तार बहुतेक शाबूत राहते.

हे त्याला पटलं नाही. एक्स्चेंजच्या पायरीवर बसून त्याने मला आणि बाबीला तारेचा एक जुना तुकडा दाखवला. वरचं आवरण फाटलं होतं, आत तांबं हिरवं होतं. "डॉक्टर कवरचा बोलता. कवर गेला काय आतली तार उगडी पडता. आधी हिरवी होता, मगे काळी, मगे एक दिवस हातात तुटान येता. कवर बदलूक येता. तार कळाकली तर काय करतलास?"

"डॉक्टराक सांगलंस काय ह्या?" बाबीने विचारलं.

"सांगलंय. ते हसले. म्हणाले, हडकर, माणसाच्या अंगात तांबं नसतं."

पुढे बऱ्याच वर्षांनी मुंबईत, वृत्तपत्राच्या विज्ञानविषयक मजकुरात, या आजारावरचे लेख माझ्या टेबलावर येऊ लागले. त्यांत लिहिलेलं असे की वेष्टणाबरोबर आतला तंतूही इजा पावतो, आणि कधीकधी लवकरच. उठलेल्या रक्षक पेशी ऑक्सिजनची अतिशय तापट रूपं बाहेर टाकतात. ती वेष्टणातली चरबी आणि आतला धागा दोन्ही जाळतात, पेशीला शक्ती पुरवणारी केंद्रं मंदावतात आणि अखेर पेशी मरते. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. शांतूचं सगळंच बरोबर होतं असं नाही. बाहेरची हवा आत शिरत नाही. जाळणारं असतं ते आतच तयार होतं. पण आतली तारही वाचत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर ठरलं. मराठी प्रतिशब्द हवा होता तेव्हा मी 'कळकणं' असा शब्द लिहिला. उपसंपादकाने तो कापला. भांड्यांचा शब्द नसांना चालत नाही, म्हणाला.

आजाराला नाव मिळाल्यावर गावाने आपल्या पद्धतीचा इलाज केला. देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाणं म्हणजे गावकराने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. गावकराने नारळ ठेवला आणि सूर लावला:

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या आंगात जो काय फॉल्ट इलेलो आसात, तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शांतूने हात वर केला. "गावकारांनू, नुसतो फॉल्ट सांगून कसा चलात? खंय तो सांगा. देवान सगळा आंग धुंडाळीत बसाचा काय?"

गावकर जाणता होता. त्याने क्षणभर विचार केला आणि पुन्हा सूर लावला: "मानेच्या खाली आणि उजव्या डोळ्याच्या पाठी जो फॉल्ट आसा, रे म्हाराजा!" होकार पहिल्यापेक्षा मोठा पडला.

दोन वर्षं बरी-वाईट गेली. आजार यायचा, जायचा, जाताना दर वेळी थोडं काहीतरी घेऊन जायचा. शांतूने एक उपाय काढला. घर खाडीकाठी होतं. कामावर निघण्यापूर्वी तो छातीभर पाण्यात जाऊन बसायचा आणि अंग थंड करून घ्यायचा. त्यावर त्याला तीन-चार तास चांगले मिळायचे. पण खांबावरून पडण्याची भीती खात्याला वाटू लागली होती आणि ती रास्त होती. एक साहेब तपासणीला येणार असं कळलं. सकाळी आठ वाजता शांतूने त्यांच्यासमोर खांबावर चढून दाखवायचं. चढला तर नोकरीत, नाही तर अनफिट आणि घरी. तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता. लाइनीपलीकडे त्याला दुसरं काही करायचं नव्हतं. हे तो हसत सांगे, पण एकदा हसायचं विसरला होता.

त्याने सगळी आखणी केली. सकाळची वेळ, गार हवा, त्याआधी तासभर खाडी. त्याने विचारात न घेतलेली गोष्ट म्हणजे आकाबाय.

आकाबाय ही त्याची थोरली बहीण, मसुऱ्याला दिलेली. आई गेली तेव्हा शांतू सहा वर्षांचा होता. त्याला वाढवलं हिने. शाळेची परीक्षा असो की नोकरीची मुलाखत, आकाबायने ऊन पाण्याने न्हाऊ घातल्याशिवाय शांतूने उंबरठा ओलांडायचा नाही, असा शिरस्ता होता. साहेबाची तपासणी ही परीक्षाच. ती मसुऱ्याहून पहिल्या एसटीने न्हाणाच्या पाण्यात घालायला निगडीचा पाला घेऊन आली आणि शांतू खाडीकडे निघाला होता त्याला तिने दारातूनच परत आणलं.

"गो बाय, ऊन पाणी माका चलना नाय. डॉक्टरान सांगलेला आसा."

"डॉक्टरान वाढवल्यान तुका, काय मी? पाटार बस."

तो बसला. दोन तांबे घेतो आणि उठतो, असं त्याने सुलोचनेला डोळ्यांनी खुणावलं. आकाबायने बोलता बोलता पाणी तापवायचं तांब्याचं अख्खं भाण त्याच्या अंगावर रिकामं केलं. शेवटचा तांब्या ओतून तिने "ऊठ" म्हटलं, तेव्हा शांतू पाटावरून उठू शकला नाही. खाडीवर न्यायला वेळ नव्हता. बाबीने त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवलं, पाय सुतळीने बांधले आणि आठ वाजता एक्स्चेंजच्या दारात आणून उतरवलं. मी कॉल लावण्यासाठी तिथेच होतो.

साहेब कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांनी बांधलेल्या पायांकडे पाहिलं.

"हडकर, खांबावर चढायचं होतं."

साहेबांसमोर शांतू शुद्ध मराठी बोलत असे. "आज नाही जमणार, साहेब. ऊन पाण्याने आंघोळ झाली."

साहेबांनी हा खुलासा दोनदा मनात वाचून पाहिला असावा. मग त्यांनी फाईल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

त्याच वेळी बाबीने बोर्डावरून सांगितलं की जत्रेची लाइन अजून मेलेलीच आहे. आंगणेवाडीची जत्रा दुसऱ्या दिवशी होती. या जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल मिळाला की ती ठरते, आणि मग सगळ्यांचीच धावपळ उडते. मसुऱ्यापासून आंगणेवाडीपर्यंत झाडांवरून एक तात्पुरती तार ओढली होती. ती सकाळपासून बंद होती आणि दोन माणसं तिच्यामागे फिरत होती. साहेबांनी टोपण परत लावलं.

"ऐकू काय, साहेब?" शांतूने विचारलं.

त्याला खुर्चीवर बसवून कानाला फोन दिला. प्रथम त्याने मसुऱ्यापर्यंतची लाइन मागितली. ती साफ होती. मग पुढची. त्याने डोळे मिटले. खोलीत बोलायचं सगळ्यांनी थांबवलं.

"तार तुटलेली नाही," तो म्हणाला. "चिरचिर आहे. सांध्याला ओल लागली आहे. पाऊस नाही, दव आता सुकलं. म्हणजे कुणीतरी तारेवर ओलं काही टाकलंय." इथे त्याने एकदम डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला तेव्हा कळलं नाही. "मसुरं सोडल्यावर पहिला सांधा. कौलारू घर, दारात फणस."

"इतकं नेमकं?"

"अंदाज आहे, साहेब."

मसुऱ्याला फोन गेला. माणूस सायकलने निघाला. अर्ध्या तासाने कळलं: दारातल्या फणसापाशी तारेवर ओलं नऊवारी लुगडं वाळत घातलं होतं, सांध्यावर पदर येईल असं. ते काढलं, सांधा पुसला, पट्टी बदलली. आंगणेवाडीतून पहिला हॅलो आला.

साहेबांनी पुन्हा फाईल उघडली. "चढणारे मला मिळतील," ते म्हणाले. "हा कान कुठून आणू?" फाईलमधला कागद त्यांनी तसाच ठेवला आणि दुसरा लिहिला: हडकर यांना खांबावर पाठवू नये, लाइन तपासण्याच्या टेबलावर बसवावं.

साहेबांची जीप गेल्यावर शांतू खुर्चीत हसू लागला. हसताना त्याच्या पायांच्या सुतळ्या हलत होत्या.

"काय झाला रे?" बाबीने विचारलं.

"ता लुगडा आकाबायचा. सकाळी पाणी ओतताना सांगी होती, तुमी तार बरी बांधलास, लुगडा सुकत घालूक बरी पडली."

"मगे साहेबाक कानाचा कित्याक सांगलंस?"

"ओल कानान ऐकलंय. घर भयणीन सांगला." तो थोडा गंभीर झाला. "बघ, तिणा ऊन पाणी घातल्यान नसता तर आज मी चढलंय असतंय. फुडल्या म्हयन्यात खंयच्या तरी खांबावरसून पडलंय असतंय."

आकाबायला यातलं काही सांगितलं गेलं नाही. तिच्या समजुतीप्रमाणे शांतूची नोकरी निगडीच्या पाल्याने टिकली. साहेबांनाही सांगितलं गेलं नाही. मी ती बातमी दिली नाही.

टेबलावरची त्याची वर्षं मला जास्त जवळून पाहता आली. काठी आली, मग दुसरी काठी, मग चाकांची खुर्ची. उजवा डोळा जवळजवळ गेला. शब्द थोडे लांबट येऊ लागले. कान तसाच राहिला. सुलोचना म्हणे, "खात्यान ह्येंचो फक्त कान कामार ठेवलेलो आसा. बाकीचो मानूस माझ्याकडे." ती हे त्याच्या देखतच म्हणे, आणि तो मान डोलावे, हळूच, करंट बसू नये अशा बेताने.

माझी मुंबईला डेस्कवर बदली झाली ती त्या दशकाच्या अखेरीस. निघण्याच्या सकाळी निरोप घ्यायला मी खाडीवर गेलो. शांतू पाण्यात लाकडी खुर्ची टाकून छातीभर बुडून बसला होता. डोक्यावर ओला पंचा. काठावर बाबी उभा होता आणि सकाळच्या तक्रारी ओरडून सांगत होता.

"शांतू! देवगडच्या लायनीर घुमता!"

"सगळ्यो वेळ, काय मधी मधी?"

"मधी मधी!"

"मगे चिमणी बघ म्हणान सांग! घाटीच्या वयलो खांब!"

मला पाहून त्याने पाण्यातून हात काढला. "मुंबयक चाललास? पोचल्यार कळवा. लाइन साफ ठेवतंय." हात त्याने परत पाण्यात घातला, कारण बाबीकडे अजून दोन तक्रारी होत्या. मी निघालो तेव्हा तो डोळे मिटून तिसरी ऐकत होता.

पत्र लिहायचं राहून गेलं. महिन्याभराने दुपारी बाराच्या सुमारास डेस्कवरचा फोन वाजला. लांबून, खरखरीतून, लांबट शब्दांचा आवाज आला.

"शांतू हडकर बोलतंय. आयकाक येता?"

मी म्हटलं, येतं, पण खरखर फार आहे. तिकडे दुपारचा फॉल्ट दिसतोय.

 तो ऐकत होता. दहा-बारा श्वास गेले.

"आमची बाजू साफ आसा," तो म्हणाला. "तुमच्या टेबलाच्या खाली बघा." आणि सरकारी वेळ जास्त न घालवता त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने टेबलाखालची डबी उघडली आणि तार माझ्यासमोर धरली. सांधा हिरवा झाला होता.